नव्या टॉवरमध्ये भाड्याने जाताना

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस. वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, नऱ्हे ही गावं कागदोपत्री शहरात आली, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे उंच इमारतींची कामं सुरू होती. जलवाहिनी, मलवाहिनी, पावसाळी गटारं आणि विकास आराखड्यातले (डीपी) रस्ते मागाहून येत राहिले; कित्येक ठिकाणी ते अजून पोचायचे आहेत. नोकरीसाठी शहरात येणारी तरुण जोडपी आणि मुलांच्या शाळेसाठी घर बदलणारी कुटुंबं भाड्याचं घर शोधत बहुतेक याच पट्ट्यात फिरतात. गुंतवणूक म्हणून घेतलेले नवेकोरे फ्लॅट इथे मुबलक असतात आणि जुन्या पेठांच्या मानाने त्याच भाड्यात मोठी जागा मिळते.

एजंट किल्ली घेऊन येतो आणि थेट अकराव्या मजल्यावर नेतो. मॉड्युलर किचन, पांढऱ्याशुभ्र टाइल्स, गॅलरीतून दिसणारी टेकडी. मन तिथेच होकार देतं. माझं सांगणं एवढंच, की नव्या इमारतीत फ्लॅट सर्वांत शेवटी बघावा. फ्लॅटमधला नळ किंवा पंखा मालकाला सांगून बदलून घेता येतो. इमारतीला पाणी नसेल, तिच्या लिफ्ट कमी पडत असतील किंवा ती कायद्याने राहण्याजोगी ठरलेलीच नसेल, तर भाडेकरूच्या हातात काहीच उरत नाही. जुन्या इमारतीने वीस-पंचवीस पावसाळे सोसलेले असतात, तिची दुखणी भिंतींवर उघड दिसतात. नव्या इमारतीची परीक्षा व्हायची असते आणि तिचा रंग ताजा असतो.

पहिला प्रश्न विचारावा भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे ज्याला सगळे ‘ओसी’ म्हणतात त्याचा. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झालंय, जिना, अग्निशमन, सांडपाणी यांची सोय झालीय आणि आता इथे माणसांनी राहायला हरकत नाही, असं महापालिका त्यातून सांगते. ते मिळण्याआधी बिल्डरने ताबा देऊ नये, अशी तरतूद महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यापासून आहे. तरीही ‘फर्निचर करायला’ म्हणून चाव्या दिल्या जातात आणि फर्निचर झालं की भाडेकरू येतो. मालक ‘सीसी आहे’ म्हणाला तर कागद मागून वाचावा. बांधकाम सुरू करायच्या परवानगीलाही सीसी म्हणतात आणि पूर्णत्वाच्या दाखल्यालाही. पहिल्या कागदाने फक्त पाया खणता येतो. ओसी भागशः असेल तर त्यात कोणती विंग आणि कितव्या मजल्यापर्यंत, हे लिहिलेलं असतं. आपला मजला त्यात बसतो का, ते बोट ठेवून पाहावं.

भाडेकरूला याच्याशी काय करायचंय, असं मालक हमखास म्हणतो. ओसी नसलेल्या इमारतीला महापालिकेचं रीतसर पाणी मिळण्यात अडचण येते, वीज कधी कधी बिल्डरच्या तात्पुरत्या जोडणीवरून महाग दराने येते आणि अग्निशमन दलाची अंतिम तपासणी झालेली असेलच असं नसतं. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले होते. लोक तिथे पंचवीस-तीस वर्षं राहिले, पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले पाडण्याचा आदेश कायम केला आणि २०१४ च्या जूनमध्ये पालिकेने त्या घरांचं पाणी, वीज आणि गॅस तोडला. त्या दिवशी घरात मालक राहतोय की भाडेकरू, हे नळाला कळत नाही.

हे तपासायला ओळखपाळख लागत नाही. मे २०१७ पासून राज्यात महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण, आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प विक्रीआधी तिथे नोंदवावा लागतो. प्रकल्पाचं नाव टाकलं की संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक, मंजुऱ्या, काम पूर्ण करण्याची मुदत आणि किती इमारती व्हायच्यात हे सगळं दिसतं. शेवटची गोष्ट भाडेकरूच्या फार उपयोगाची आहे. ‘ए’ आणि ‘बी’ विंगमध्ये लोक राहत असतील आणि ‘सी’, ‘डी’ची मुदत दोन वर्षांनंतरची असेल, तर ती दोन वर्षं सिमेंटची धूळ, ड्रिलचा आवाज आणि गेटवर तयार काँक्रीटच्या (आरएमसी) गाड्या आपल्या वाट्याला येणार. जी टेकडी पाहून मन भुललं, तिच्यासमोर ‘डी’ विंग उभी राहणार असेल, तेही नकाशात कळतं.

पाण्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्या भागातल्या भाडेकरूंची सर्वांत जास्त फरफट पाण्यापायी होते. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा सरकारी निकष आहे. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, दोनशे घरांच्या सोसायटीला सुमारे एक लाख आठ हजार लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर महापालिकेच्या पाण्यावाचून त्या सोसायटीला रोज अकरा टँकर लागतील. म्हणून ‘पाणी चोवीस तास असतं’ या उत्तरावर थांबू नये. टाकीतून नळाला चोवीस तास येत असेल. टाकीत ते कुठून येतं, हा खरा प्रश्न. महापालिकेचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती आणि एप्रिल-मे महिन्यात हे प्रमाण काय होतं, असं सुटं सुटं विचारावं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की पाण्याचं बिल भाडेकरूच्या नावाने वेगळं निघतं, तेही आधीच ठरवून घ्यावं. एजंटपेक्षा याची उत्तरं गेटवरचे वॉचमन काका आणि समोरचा किराणा दुकानदार जास्त खरी देतात. टँकर त्यांच्या डोळ्यांदेखत आत जातात.

पाण्याची प्रतही नव्या फ्लॅटमध्ये कळत नाही, कारण तिथला नळ कोणी वापरलेलाच नसतो. ती वॉचमनच्या केबिनशेजारच्या नळावर, क्लबहाउसच्या बेसिनवर किंवा आधीपासून राहणाऱ्या शेजाऱ्याच्या शॉवरवर दिसते. तोट्यांवर पांढरा थर बसला असेल तर पाणी जड आहे. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं, खडकवासला धरणाचं पाणी त्यामानाने मऊ. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. हातात मावणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो आणि आकडा क्षणात सांगतो. आकडा हजाराच्या पुढे असला तर गीझरची कॉइल, वॉशिंग मशीन आणि फिल्टरचा खर्च भाड्यात मनातल्या मनात मिळवावा.

हा मीटर जंतू मात्र दाखवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गीयाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली आणि विहिरी, टँकर, खासगी आरओ प्रकल्प यांच्या पाण्याची तपासणी सुरू झाली. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असावं, असं मानक सांगतं. टँकरचं पाणी घेणारी सोसायटी स्वतः क्लोरीन टाकते का, जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली, पाणी प्रयोगशाळेत कधी तपासलं, हे विचारण्यात संकोच नको. चांगली कमिटी अहवाल काढून दाखवते.

वरचे मजले घेणाऱ्यांसाठी आणखी एक. गच्चीवरची टाकी शेवटच्या मजल्याच्या शॉवरपासून जेमतेम चार-पाच मीटर वर असते. पाण्याचा दाब उंचीतून येतो. दहा मीटरला साधारण एक बार. म्हणजे वरच्या मजल्यावर अर्धा बारही मुश्किलीने मिळतो आणि तो भरून काढायला प्रेशर पंप लागतो. पंप आहे का, वीज गेली की तो जनरेटरवर चालतो का, हे विचारावं आणि शॉवर प्रत्यक्ष उघडून बघावा. दोन नळ एकदम सोडून.

आता भिंती. आजकालच्या बऱ्याच टॉवरच्या भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या असतात. बांधकामावर अशा भिंतीला ‘मायवन’ म्हणतात. काम झपाट्याने होतं, भिंत मजबूत असते, खोलीत खांबांचे कोपरे पुढे येत नाहीत. पण ती जेमतेम चार ते सहा इंच जाडीची असते आणि काँक्रीटमधून उष्णता सहज आत येते. अशा इमारतीत पश्चिमेकडची बेडरूम दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब आत सोडत राहते. फ्लॅट सकाळी अकराला दाखवतात. उन्हाळ्यात तो संध्याकाळी सहाला पाहून भिंतीवर तळहात ठेवावा. खिळा साध्या हातोडीने जात नाही, म्हणून पडदे, आरसा, टीव्ही यांसाठी भोकं पाडायची परवानगी करारातच लिहून घ्यावी, नाहीतर जाताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. लोखंडी जाळीच्या त्या भिंतींआड मोबाइलची रेंज प्रत्येक खोलीत तपासावी.

दुसऱ्या प्रकारच्या इमारतींत खांब-तुळया काँक्रीटच्या आणि मधल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्या उष्णता चांगली अडवतात. तिथे ब्लॉक आणि तुळई जिथे भेटतात तिथे केसासारखी सरळ चीर दिसते. ती बहुतेक वेळा प्लास्टर आकसल्याची असते, तिला घाबरण्याचं कारण नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, नाणं शिरेल इतकी रुंद भेग किंवा खुद्द खांबावर, तुळईवर गेलेली चीर मात्र गंभीर समजावी. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला दोष निघाला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्याला तीस दिवसांत फुकट दुरुस्ती करावी लागते. हा हक्क घर विकत घेणाऱ्याचा आहे, भाडेकरू त्यात धरलेला नाही. तक्रार मालकानेच करायची. भाडेकरूने त्याला फोटोसह लेखी कळवायचं आणि कायद्याची आठवण द्यायची.

आपल्याकडचा मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींना झोडपून काढतो. ओल शोधायची तर तिथे. खिडकीच्या खालची पट्टी, गॅलरीच्या दाराचा उंबरठा, कपाटाची मागची बाजू, कोपरे. रंगाचे पोपडे सुटलेले असतील, पांढरे क्षार फुलले असतील किंवा एकाच चौकोनावर ताजा रंग मारलेला असेल, तर मालकाला सरळ विचारावं. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती सिमेंटने बुजलेली असली की पहिल्याच वादळी पावसात पाणी खोलीत. बाथरूमच्या छताला फॉल्स सीलिंग असेल तर त्याची झडप उघडायला लावावी, कारण वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती तिथेच लपते. काँक्रीट आणि प्लास्टरमध्ये घातलेलं पाणी वाळायला महिने लागतात, म्हणून अगदी नव्या घरात गळती नसतानाही कपाटांना कुबट वास येतो. तो खेळत्या हवेने जातो. समोरासमोर खिडक्या नसलेल्या फ्लॅटमध्ये मात्र तो लवकर जात नाही. शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्येच ठरवावं. पावसाळ्यात इमारत खोटं बोलू शकत नाही.

पावसाचा विचार आवाराबाहेरही करावा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढा रात्रीत चढला आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. नदीकाठी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखलेली असते. आपण अकराव्या मजल्यावर असलो तरी गाडी तळघरात असते, विजेचे मीटर आणि पंप खाली असतात. तळघराच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का, ते पाहून घ्यावं.

तळघरात उतरलोच आहोत तर सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पही बघावा. वीस हजार चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि अशा मोठ्या संकुलांत एसटीपी असतोच. तो चालू आहे का, हा प्रश्न. चालू असेल तर त्याचा ब्लोअर रात्रभर घरघरतो, म्हणून त्याच्या नेमका वर असलेला पहिला-दुसरा मजला टाळावा. नीट चालत नसेल तर फ्लशच्या टाकीत पिवळट, वासाचं पाणी येतं. टाकीचं झाकण उचलून पाहिलं की कळतं.

लिफ्टची परीक्षा सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान घ्यावी, जेव्हा शाळेच्या बस आणि ऑफिसला जाणारी माणसं एकदम खाली येतात. एका मजल्यावर किती घरं, एकूण मजले किती, लिफ्ट किती आणि त्यातल्या चालू किती? राज्यात लिफ्टसाठी २०१७ चा कायदा आहे आणि विद्युत निरीक्षकाचा परवाना लागतो. तो लिफ्टमध्ये लावलेला आहे का, हे वर जाता जाता दिसतं. खाली येताना मात्र जिन्याने यावं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावं लागतं. ते सोसायटीच्या ऑफिसात मागावं. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत रेफ्यूज एरिया असतो. तो मोकळा आहे की तिथे जुने पलंग आणि रंगाचे डबे भरलेत? त्याच्या दाराला कुलूप आहे? जिन्यात सायकली आणि चपलांची कपाटं आहेत? फायर पंपाचं बटण ‘ऑटो’वर आहे? ज्या इमारतीत या गोष्टी धड नाहीत, तिथे लहान मुलं किंवा म्हातारी माणसं घेऊन जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इमारत चालवतो कोण, यावर पुढचं सगळं ठरतं. काही ठिकाणी अजून बिल्डरचीच एजन्सी असते, काही ठिकाणी हंगामी समिती, काही ठिकाणी नोंदणीकृत सोसायटी. बिल्डरच्या ताब्यातली इमारत दिसायला झकपक असते, कारण उरलेले फ्लॅट विकायचे असतात. विक्री संपली की बागेचं पाणी आटतं. हे जाणून घ्यायला लिफ्टशेजारचा सूचना फलक पाच मिनिटं उभं राहून वाचावा. टँकरचे वाढीव दर, लिफ्ट बंदच्या सूचना, थकबाकीदारांची यादी, वार्षिक सभेचं पत्र, सगळं तिथे असतं.

भाडेकरूंबद्दल सोसायट्यांचे नियम आधी विचारून घ्यावेत, पण आपली बाजूही माहीत असावी. सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ऑगस्ट २००१ पासून तसा सरकारी आदेश आहे. ‘सोसायटी फार पैसे घेते, म्हणून भाडं जास्त’ असं मालक सांगत असेल, तर मेंटेनन्सचं बिल दाखवायला सांगावं. त्यातच त्याची थकबाकी आहे का, तेही कळेल.

राहिला करार. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, अशी समजूत अजून घट्ट आहे. केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्ष आणि त्याखालच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून ती आली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ लागू आहे. त्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क मुदतीच्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का. तीस हजार भाडं, नव्वद हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर ते हजार रुपयांच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी आणखी हजार. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: मुदत संपूनही ताबा सोडला नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट द्यावी लागू शकते.

करारात पार्किंगचा क्रमांक, मेंटेनन्स कोण भरणार, पाण्याचं बिल कोणाचं, घर सोडताना रंगाचे पैसे कापायचे की नाही आणि नोटिशीची मुदत हे शब्दांत लिहून घ्यावं. चाव्या हातात घेताना विजेच्या मीटरचं रीडिंग, प्रत्येक भिंतीचे आणि प्रत्येक नळाचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावेत. आणि ओसीची प्रत दाखवायला किंवा करार नोंदवायला मालक टाळाटाळ करत असेल, तर टोकनचे पैसे देऊ नका. त्या पट्ट्यात दुसरे फ्लॅट पुष्कळ आहेत.